कुकरात पेज नसते

१९६६ च्या मे महिन्यात बालाघाटच्या आमच्या घरी प्रेशर कुकर आला. जुलै संपायच्या आत आमच्या गल्लीतल्या चार घरांची भांडी घासणारी बाई काम सोडून गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्या वेळी गल्लीत कोणीही मान्य केलं नाही. ज्यांनी नंतर मान्य केलं त्यांनी दोष बाईलाच दिला.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कागदाच्या टंचाईमुळे अंकाची पानं कमी झाली होती आणि नव्याने लागलेल्यांना बिनपगारी रजेवर पाठवण्यात आलं होतं. त्यामुळे तो उन्हाळा मी घरी काढला. घरात आई, मोठा भाऊ आणि वहिनी. भाऊ सरकारी नोकरीत, धान्यपुरवठ्याच्या कामावर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसा घरात असणारा पुरुष मी एकटाच, म्हणून स्वयंपाकघरात जे घडलं त्यातलं बहुतेक मी समोर बसून पाहिलं आहे. जे पाहिलेलं नाही, ते ऐकीव आहे असं सांगेन.

बाईला सगळे खैरलांजीवाली म्हणत. खैरलांजी तिचं माहेर. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावाने ओळखायची रीत आहे. तिचं स्वतःचं नाव गल्लीत कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा मँगनीजच्या एका खाणीत होता. परदेशातली मागणी उतरली, खाणीत कपात झाली आणि तो घरी बसला. एक मुलगी, नवऱ्याने टाकलेली. ती रस्त्याच्या राहत कामावर, म्हणजे सरकारी दुष्काळी कामावर, खडी फोडायला जाई. त्या मुलीची सहा-सात महिन्यांची पोर दिवसभर झोपडीत आजोबाजवळ असे. आईच्या अंगावर दूध नव्हतं. पोर पेजेवर जगत होती.

ही पेज कुठून येई ते सांगायला हवं. आमच्या भागात दोन्ही वेळा भात. भात गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, भरपूर पाण्यात शिजवायचा, शिजला की झाकण दाबून गंज कलता करायचा आणि पाणी काढून घ्यायचं. याला भात पसवणं म्हणतात. ते दाट पांढरं पाणी म्हणजे पेज. चारही घरांत सकाळचा भात पसवला की पेज चुलीशेजारी झाकून ठेवलेली असे. भांडी घासून झाली की खैरलांजीवाली ती आपल्या जर्मनच्या डोलचीत ओतून घेई. पेज कामवालीची, हे ठरलेलं होतं. कधी ठरलं आणि कोणी ठरवलं हे कोणालाच सांगता आलं नसतं. पगाराचं बोलणं होई तेव्हा पेजेचं नाव निघत नसे. ती मिळणारच, असं दोन्ही बाजू धरून चालत.

याला एकच अपवाद होता. सुती लुगड्यांना खळ द्यायची असली की पेज घरात लागे. अशा वेळी आई आदल्या दिवशी सांगे, "उद्या पेज नाही गं, लुगडी आहेत." आदल्या दिवशी सांगायचं, हासुद्धा रीतीचाच भाग होता. तेवढं सांगितलं की खैरलांजीवाली "हौ" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी तीन घरांची पेज घेऊन जाई.

आधीच्या वर्षी पाऊस बुडाला होता. आमचा जिल्हा धानाचा, चांगल्या वर्षी इथला तांदूळ दूरदूर जातो. त्या वर्षी जे थोडंफार पिकलं त्यातलं बरंच सरकारच्या सक्तीच्या खरेदीत, लेव्हीत, गेलं, आणि धान पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या रेशन दुकानांवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळू लागली. तिला सगळे मिलो म्हणत. उघड्या बाजारात तांदूळ नव्हता. म्हणजे ज्याची ओळख होती त्याला होता. टंचाईवर गल्लीत रोज बोलणं होई. आमच्या घरी टंचाई म्हणजे चहात साखर कमी, घासलेटसाठी रांग आणि भावाची चिडचिड. शेजारच्या वकिलांकडे टंचाई म्हणजे पाहुण्यांना दुसऱ्यांदा भाताचा आग्रह न करणं. तांदळाचं पोतं मात्र चारही घरांत होतं.

कुकर वहिनीच्या भावाने नागपूरहून आणला. गल्लीतला तो पहिला. वहिनीने पहिल्यांदा भात लावला तेव्हा शेजारच्या तिन्ही घरांतल्या बायका बघायला आल्या. शिट्टी झाली तशा वकिलीणबाई दचकून मागे सरकल्या आणि मग, आपण मागे सरकलोच नव्हतो अशा थाटात, पुढे येऊन उभ्या राहिल्या. वहिनीने झाकण काढलं. भात फुललेला, मोकळा. पाण्याचा थेंब नाही.

खैरलांजीवाली भांडी घासून हात पुसत दारात उभी होती.

"पेज?" तिने विचारलं.

"कुकरात पेज नसते," वहिनी म्हणाली.

"मंग कोठी जाते?"

"कुठे जात नाही. भातातच राहते. सगळं सत्त्व भातात राहतं. इतकी वर्षं आपण ते फेकत होतो."

"फेकत कोठी होते, बाई? मी नेत होती ना."

वहिनी बायकांना झाकणाची रबरी रिंग काढून दाखवत होती. त्या दिवशी खैरलांजीवाली आमच्या घरून रिकामी गेली. आदल्या दिवशी तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या तीन घरांत कुकर आला नाही. तो घेणं तेव्हा सोपं नव्हतं. पण सत्त्व आलं. आठवड्याभरात दोन घरांनी भात पसवणं बंद केलं. मोजकं पाणी घालून भात आटवायचा, पेज काढायचीच नाही. भात चिकट होई, तळाला लागे, घरचे पुरुष कुरकुरत. पण टंचाईच्या दिवसांत सत्त्व वाया घालवू नये यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. जळके गंज घासायला खैरलांजीवालीच होती. पेज गेली आणि काम वाढलं, एवढा साधा हिशेब त्या दोन घरांतल्या शिकलेल्या बायकांच्या लक्षात आला नाही. कोणी आणूनही दिला नाही.

राहिलं वकिलांचं घर. त्यांच्याकडे म्हैस होती. त्या उन्हाळ्यात ढेप आणि सरकी मिळेनाशी झाली, तेव्हा वकिलीणबाईंनी पेज म्हशीच्या घमेल्यात ओतायला सुरुवात केली. आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. त्यामुळे हे बोलणं मी ऐकलं आहे.

"म्हशीला पेज दिली तर दूध वाढतं," वकिलीणबाई म्हणाल्या. "तुला दिली तर काय वाढतं गं?"

"तुमची म्हैस भांडे घासते का, बाई?"

"तोंड बघा हिचं."

"तोंडच पाहा. आता पाह्यण्यासारखं तेवढंच रायलं."

खैरलांजीवाली तिथून थेट आमच्याकडे आली. आई सुपात तांदूळ निवडत होती. ती आईसमोर उकिडवी बसली.

"बाई, एक सांगा. माह्या कामात काही खोट हाय का?"

"काहून? मी काही म्हटलं का?"

"मंग पेज काहून बंद केली? चारी घरची गेली. पोरगी काल रातभर रडत होती. तिले काय पाजू?"

आईने सूप खाली ठेवलं. आई वाईट नव्हती. तिला हे खरंच आधी सुचलं नव्हतं, आणि आता सुचल्यावर तिला अवघडल्यासारखं झालं.

"कुकर आला ना गं," ती म्हणाली. "आता त्यातून मी पेज कशी काढू?"

"सकाळचा एक गंज चुलीवर चढवा. एकच. तेवढ्यात पोरीचं होते."

आईने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "मग कुकर आणला कशाला, आई? जळण वाचावं म्हणूनच ना? इकडे शिट्टी आणि तिकडे चूल, असं कसं जमेल?"

हे बोलणं चुकीचं नव्हतं. त्या प्रकरणात कोणाचंच कुठलंही वाक्य सुटं घेतलं तर चुकीचं नव्हतं. तेच वैताग आणणारं होतं.

संध्याकाळी भाऊ कचेरीतून आला. त्याने प्रश्न ऐकून घेतला आणि कचेरीत निकालात काढतात तसा काढायला घेतला. त्याचा पहिला उपाय मिलोचा होता. रेशनवरची मिलो आपण उचलतो आणि घरात कोणी खात नाही, ती तिला देऊन टाकू. आईने सांगितलं की तिच्याही कार्डावर मिलोच मिळते आणि तिच्याकडे ती पडून आहे. दुसरा उपाय उरलेल्या अन्नाचा. आईने दुसऱ्या दिवशी रात्रीचा भात आणि दोन पोळ्या झाकून ठेवल्या. खैरलांजीवालीने हात लावला नाही.

"उष्टं आमी नाई नेत."

"उष्टं कुठे गं? उरलेलं आहे. पातेल्यातलं."

"तुमच्यासाठी उरलेलं. आमच्यासाठी उष्टंच. पोरीले का शिळा भात देऊ? तिले दात तरी आले का?"

"पेज चालते आणि भात चालत नाही," वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली. "कमाल आहे या लोकांची."

पेज ही कामाबरोबर येणारी वस्तू होती. झाकून ठेवलेला भात ही दया होती. खैरलांजीवालीला हा फरक कळत होता, आईला थोडा कळत होता, वहिनीला तो फाजील अभिमान वाटत होता.

तिसरा उपाय पगार वाढवण्याचा. तो आईने काढला. भाऊ उखडला.

"असं एकट्याने करता येत नाही. रेट बिघडतो. उद्या वकीलसाहेब मलाच विचारतील, तुम्ही कोण वाढवणारे?"

"मग चौघं मिळून बोला ना."

"मी का बोलू? गरज काय फक्त आपल्याला आहे?"

चारही घरांत असंच चाललं होतं, हे मला पुढे वेगवेगळ्या लोकांकडून कळलं. प्रत्येक घर दुसऱ्याने तोंड उघडायची वाट बघत होतं. एका घराने गंज चढवला असता तरी प्रश्न सुटला असता, आणि नेमकं म्हणूनच कोणी चढवत नव्हतं. आपणच का?

शेवटी मार्ग आईने काढला. तो असा. कुकरात नेहमीपेक्षा जास्त पाणी घालायचं. शिट्टी झाली, झाकण उघडलं की वर जे पाणी राहील ती पेज. जळणही वाचेल, पेजही निघेल, खैरलांजीवालीही गप्प बसेल.

वहिनीने कुकरासोबत आलेलं माहितीपत्रक आणून दाखवलं. ठरावीक खुणेच्या वर भरू नये असं त्यात चित्रासकट दिलं होतं. भाऊ दाढी करत होता. तो आरशातून म्हणाला, "अगं, थोड्या पाण्याने काय होतंय? कंपनीवाले असं लिहितातच." वहिनीने माहितीपत्रक मिटवून ठेवलं. मला वाटतं, तिला पुढे काय होणार याचा अंदाज होता आणि ते एकदा व्हावं अशीच तिची इच्छा होती.

आईने तांदूळ घातला आणि गंजात घालतात तितकं पाणी घातलं. शिट्टी झाली नाही. वजनाखालून आधी पांढरा फेस आला, मग फेसाची पिचकारी उडाली, मग तीही बंद झाली. भाताची साय नळीत बसली होती. आई म्हणाली, "झालं वाटतं," आणि एवढ्यात झाकणावरची सुरक्षेची गोळी, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, उडाली. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. कोणाला इजा झाली नाही. भात छताच्या कवेलूंना, भिंतीवरच्या कॅलेंडरला आणि भावाच्या धुतलेल्या शर्टाला लागला.

भिंतीपलीकडून वकिलीणबाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही, पेज काढत होतो," आई म्हणाली.

कवेलूंना चिकटलेला भात बांबूला झाडू बांधून खैरलांजीवालीने काढला. साय वाळून कडक झाली होती, तिला वेळ लागला. ती वर बघून खरवडत असताना खाली वकिलीणबाई वहिनीला म्हणाल्या, "मी त्याच दिवशी पाहिलं होतं, कशी बघत होती कुकराकडे. नजर लागली." वहिनी म्हणाली, "मलाही तेच वाटलं." दोघी अशा बोलत होत्या जणू तिसरी बाई खोलीत नाहीच.

खैरलांजीवाली खरवडता खरवडता म्हणाली, "माह्या नजरेत एवढा दम असता तं म्हशीकडे नसतं का पाह्यलं मी?"

त्यावर आई हसली. वकिलीणबाई दोन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत.

ती गोळी बालाघाटमध्ये मिळेना. गोंदियालाही मिळाली नाही. वहिनीने तिच्या भावाला नागपूरला कळवलं. तिथून गोळी येईपर्यंत कुकर फळीवर पालथा पडून होता आणि आमच्या घरी भात पुन्हा चुलीवर शिजू लागला. पेज निघू लागली. खैरलांजीवाली ती रोज नेऊ लागली. एकाच घरची, पण पोरीपुरती होत होती. आई गंज कलता करण्याआधी अंमळ जास्तच पाणी घाली, ते मी पाहत होतो. पोर रडायची थांबली आहे आणि कुशीवर वळू लागली आहे, असं खैरलांजीवालीने एकदा आपणहून सांगितलं. जून असाच गेला. आपण प्रश्न सोडवला आहे असं आईला वाटू लागलं होतं. प्रत्यक्षात गोळी नागपूरच्या दुकानात आली नव्हती, एवढंच.

जुलैत गोळी आली. वहिनीने ती स्वतः बसवली. त्या सकाळी भांडी घासून झाल्यावर आईने खैरलांजीवालीला डोलची भरून दिली आणि सांगितलं, "उद्यापासून पेज नाही गं." आदल्या दिवशी सांगितल्यामुळे रीत पाळली गेली, असं आईला मनापासून वाटत होतं.

"उद्या नाई, का उद्यापासून नाई?" खैरलांजीवालीने विचारलं.

"उद्यापासून."

"हौ," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती कोणाच्याच घरी आली नाही.

पुढचे काही दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. नवी बाई शोधायची खटपट सुरू झाली. येणारी प्रत्येक बाई दारातूनच स्वयंपाकघरात डोकावे आणि विचारी, "पेज हाय का?" नाही म्हटलं की पदर सारखा करून निघून जाई. त्या बायकांचं आपसात काही ठरलं होतं का, हे मला ठाऊक नाही. ठरवण्याची गरज होती असं वाटत नाही. ज्यांना रेशनवर मिलो मिळत होती त्या सगळ्यांनाच पेज हवी होती.

"युनियन झाली यांची," भाऊ म्हणाला.

राखेने वहिनीच्या बोटांना भेगा पडल्या. वकिलीणबाई भांडी अंगणात आणून, भिंतीपलीकडे सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने घासत. शेवटी घरच्या बायकांनी पुरुषांच्या मागे लकडा लावला, आणि जे आधी अशक्य होतं ते एका संध्याकाळी वकिलांच्या ओट्यावर चहा पिता पिता ठरलं. चारही घरांनी मिळून पगार वाढवायचा. रेट बिघडण्याचा प्रश्न कोणी काढला नाही. निरोप घेऊन भावाने जावं असं ठरलं. त्याने मला सोबत घेतलं.

तिची झोपडी रेल्वेलाइनच्या पलीकडे होती. नवरा बाजेवर पडला होता. खैरलांजीवाली दाराशी बसून पोरीला भरवत होती. वाटीत मिलोच्या पिठाची पातळ लापशी होती, विटकरी रंगाची. पोर तोंड फिरवत होती. बळेच घातलेला घास हनुवटीवरून खाली येत होता. जूनमध्ये ऐकलेल्यावरून मला वाटलं होतं त्यापेक्षा तिचे हातपाय बारीक होते. हगवण लागली आहे, असं खैरलांजीवाली म्हणाली.

भावाने पगारवाढ सांगितली. चारही घरांच्या वतीने सांगितली. तो उभाच होता.

"पैसे घेऊन तांदूळ कोठी भेटते, साहेब?" तिने विचारलं. "तुमीच सांगा. तुमच्याच हापिसातलं काम हाय ना हे."

"तांदूळ सध्या नाही. मिलो मिळते ना."

"मिळते. पोरगी नाई खात."

"सवय लावावी लागते. पौष्टिक असते ती."

"तुमच्या घरी कोण खाते?"

भावाने हे ऐकलं नाही असं केलं. "हे बघ, हा माझ्या हातातला विषय नाही. धोरणाचा प्रश्न आहे."

बाजेवरून नवरा म्हणाला, "धोरण पातळ करून पाजू का तिले?"

खैरलांजीवालीने त्याला गप्प बसायला सांगितलं. मग तिने आपलं म्हणणं एकदाच, नीट मांडलं. पगार वाढवू नका. चारांतल्या कोणत्याही एका घरी सकाळचा गंज चुलीवर चढवा. जुन्याच पगारात मी चारही घरांचं करीन, जळके गंजसुद्धा. नाही तर वारासिवनीला माझी नणंद एका राइस मिलवाल्याच्या आवारात काम करते. तिथे हमालांचा भात कढईत शिजतो आणि पेज बायकांना मिळते. मी पोरीला घेऊन तिकडे जाईन.

"विचारून सांगतो," भाऊ म्हणाला.

परत येताना तो सारखा एकच बोलत होता. "पगार वाढवतो म्हटलं तरी ऐकत नाहीत. यांचं भलं करायला जावं तर हे असं." मी त्याला म्हटलं की तिने पगार मागितलेलाच नाही. तो म्हणाला, "तुझं ठीक आहे, तू काय, रजेवर आहेस."

ओट्यावर त्याने जे सांगितलं ते मी ऐकलं आहे. तो म्हणाला, "ती अडून बसली आहे. पेजच पाहिजे म्हणते." मग पेज कोण देणार यावर चर्चा झाली. वकिलांनी म्हशीचं कारण सांगितलं. दोन घरांनी सत्त्वाचं सांगितलं. आमच्याकडे कुकर होता आणि त्याची गोळी नुकतीच मागवली होती. घरी आल्यावर आई म्हणाली की मी एक गंज चढवते. वहिनी म्हणाली, "चढवा. मग दोन भात शिजू द्या घरात, एक तुमचा, एक माझा." आई त्या रात्री जेवली नाही. गंज चढला नाही. भावाने विचारून सांगतो म्हटलं होतं, ते सांगायला कोणी गेलं नाही.

चार-पाच दिवसांनी मी एकटा रेल्वेलाइनच्या पलीकडे गेलो. नवरा आणि मुलगी झोपडीत होते. खैरलांजीवाली पोरीला घेऊन सकाळच्या बसने वारासिवनीला गेली होती.

ऑगस्टमध्ये गल्लीला नवी बाई मिळाली. ती तरुण होती, गावाबाहेरून नुकतीच आली होती. तिने पेजेचं नाव काढलं नाही. खैरलांजीवालीला देऊ केलेला वाढीव पगार आणि शिवाय दोन वेळचा चहा तिने मागितला. चारही घरांनी दोन्ही कबूल केलं. चहात साखर मात्र घरच्यांइतकी नसेल, असं वकिलीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. नवी बाई सकाळी उशिरा येई, आणि खैरलांजीवाली कशी वेळेवर यायची याच्या आठवणी गल्लीत निघू लागल्या. त्या काढण्यात वहिनी आणि वकिलीणबाई पुढे होत्या.

सप्टेंबरात मला कामावर परत बोलावण्यात आलं. पुढच्या फेब्रुवारीत निवडणुकीच्या बातम्यांसाठी मला आमच्या जिल्ह्यात पाठवलं, तेव्हा मी वारासिवनीला गेलो. काम दुपारी संपलं. दोन राइस मिलच्या आवारांत चौकशी केली, तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. तिसऱ्या आवारात ती मागच्या बाजूला कोंडा पाखडत होती. तिने मला ओळखलं.

"काय बाबू, इकडे कोठी?"

मी निवडणुकीचं सांगितलं. तिने आई कशी आहे ते विचारलं. मग विचारलं, "कुकर हाय का अजून?"

"आहे."

"आता उडत नाई?"

"नाही."

"नवी बाई कशी हाय?"

"उशिरा येते."

हमालांचं जेवण आटोपलं होतं. भिंतीलगत पेजेचं पिंप झाकून ठेवलेलं होतं. नवऱ्याबद्दल मी विचारलं. तो दिवाळीच्या आधी वारला होता. मुलगी आता इथेच होती, मिलमध्ये. पोर जवळच पोत्यावर बसली होती. हातापायांनी भरलेली होती. चालते का, असं मी विचारलं.

"अजून सोडून नाई चालत," खैरलांजीवाली म्हणाली, आणि तिने पोरीला काखेत धरून उभं केलं.

पोर भिंतीला हात लावून पिंपापर्यंत गेली.